दीड मिनिटाच्या आत

ऑगस्टमधल्या एका आठवड्यात तीन दिवस मी तरणतलावाच्या काठावर स्टॉपवॉच घेऊन उभी होते. जागा न्यू जर्सीतल्या आमच्या गावची जेसीसी, म्हणजे ज्यूइश कम्युनिटी सेंटर. "तू गो तिथे काय करत होतीस?" असं आईने अलिबागहून फोनवर विचारलं. मंडळातल्या दोघींनीही विचारलं, पण जरा निराळ्या सुरात. उत्तर साधं होतं. टायमर कमी पडत होते.

इथल्या पोहण्याच्या शर्यती पालकांच्या जिवावर चालतात. प्रत्येक लेनच्या टोकाला दोन-तीन जण घड्याळं घेऊन उभे राहतात. भोंगा वाजला की बटण दाबायचं, पोराचा हात भिंतीला लागला की पुन्हा दाबायचं, आकडा कागदावर लिहायचा. इलेक्ट्रॉनिक यंत्र असतं, पण ते दगा देतं म्हणून माणसं लागतातच. माझा मुलगा सहा वर्षांचा असल्यापासून याच जेसीसीच्या टीममध्ये पोहतो. सेंटर ज्यूंचं असलं तरी दार सगळ्यांना उघडं आहे. पाळणाघरात तेलुगू आणि गुजराती पोरं, सकाळी पाण्यात व्यायाम करणाऱ्या कोरियन आज्या, संध्याकाळी आम्ही. आठ वर्षांत भिजलेले टॉवेल गोळा करण्यापलीकडे या इमारतीशी माझं फारसं नातं नव्हतं.

त्या वर्षी आमच्या सेंटरकडे मक्काबी गेम्सचं यजमानपद आलं आणि महिनाभर आधीपासून इमारतीचं लग्नघर झालं.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. उत्तर अमेरिकेतल्या ज्यू मुलामुलींचे हे वार्षिक खेळ. पहिले १९८२ साली टेनेसीतल्या मेंफिसला झाले, तेव्हा जेमतेम तीनशेच्या आसपास पोरं आली होती. आता दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावात ते भरतात. बारा-तेरा ते सोळा-सतरा वयाची मुलं आपापल्या जेसीसीचा चमू करून येतात आणि बास्केटबॉल, सॉकर, बेसबॉल, टेनिस, पोहणं असं बरंच काही खेळतात. रविवारी उद्घाटन, शुक्रवारी आवराआवर, म्हणजे शब्बाथ, शुक्रवार संध्याकाळपासूनचा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत पोरं वाटेला लागतात. याची थोरली बहीण म्हणजे इस्राएलमध्ये दर चार वर्षांनी भरणारी मक्काबिया. तिथे जगभरचे हजारो ज्यू खेळाडू जमतात. मार्क स्पिट्झ नावाचा पंधरा वर्षांचा पोरगा १९६५ साली तिथे उतरला आणि चार सुवर्णपदकं घेऊन घरी गेला. पुढे म्युनिकमध्ये त्याने काय केलं ते पोहणाऱ्या प्रत्येक घराला पाठ असतं. आमच्याही.

तर या खेळांत माझ्या मुलाला भाग घेता येणार नव्हता. आठ वर्षं ज्या पोरांबरोबर रिले पोहला ती सगळी उतरणार आणि हा नाही, कारण खेळाडू ज्यू असावा ही अट. त्याला ते आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, जणू मीच त्याला चुकीच्या घरात जन्माला घातलं होतं. तिसऱ्या दिवशी गाडीत म्हणाला, "आई, मग आपल्याकडे असं काही का नाही?"

"आहे की. गणपती आहे, ढोलताशा आहे, दिवाळीचं नाटक आहे."

"नाटकात मला चार वेळा मावळा केलंय. चारही वेळा मी मेलोय."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. त्याच्या प्रशिक्षकांनीच मग तोडगा काढला. तो स्कोअरबोर्डच्या टेबलाशी बसला आणि मी टायमर झाले.

सगळ्यात आधी मला नवल वाटलं ते पोरांच्या मुक्कामाचं. एवढी शेकडो मुलं येणार, म्हणजे हॉटेलं असणार असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं. गावातल्या ज्यू कुटुंबांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतलं होतं, दोन-दोन, चार-चार. ज्याच्या घरचं पोर खेळतंय त्याने बाहेरची पोरं ठेवून घ्यायची असा साधारण रिवाज. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक डॉक्टरीणबाई राहतात. त्यांच्याकडे टेक्सासचे दोघे आणि इस्राएलहून आलेले दोघे होते. रात्री साडेनऊला बाई किराणा दुकानात भेटल्या, ढकलगाडीत दुधाचे चार मोठे कॅन. म्हणाल्या, "हे खातात किती!" तक्रारीच्या आवाजात इतका आनंद मी फार दिवसांनी ऐकला.

मला हे दृश्य ओळखीचं होतं. आमचा रायगड जिल्हा कबड्डीचा. माझ्या लहानपणी गावोगावी रात्रीचे सामने व्हायचे, विजेच्या माळा लावून, तांबड्या मातीवर पाणी मारून. बाहेरगावचे संघ यायचे आणि घराघरांत वाटून दिले जायचे. आमच्या ओटीवर एकदा पेणकडचे पाच जण झोपले होते. आईने तांदळाच्या भाकऱ्या किती थापल्या ते मोजलं नाही, पण सुकटीचा डबा रिकामा झाला हे ती अजून सांगते. त्यातला एक जण पुढे कित्येक वर्षं पेणहून पापडाचं पुडकं पाठवायचा. सामना कोण जिंकलं ते कुणालाच आठवत नाही.

डॉक्टरीणबाईंच्या घरीही तसंच काहीतरी घडत असणार. टेक्सासच्या पोराला तिथे कळलं असेल की न्यू जर्सीतली आजीसुद्धा त्याच्या आजीसारखीच 'जेवलास का' असं दर अर्ध्या तासाने विचारते. शुक्रवारच्या मेणबत्त्यांची जोडी याही घरात फडताळावर त्याच जागी असते. धर्माचं शिक्षण असं काही त्या आठवड्यात मला दिसलं नाही. प्रार्थना थोडी, उपदेश त्याहून थोडा. जेवण कोशर, म्हणजे मांसाच्या ताटात चीज नाही. एक दिवस अर्धी सुट्टी घेऊन पोरं गावात सेवेच्या कामाला गेली. बाकी सगळा वेळ खेळ, घाम, गाणी आणि बिल्ले. बिल्ल्यांची अदलाबदल हा तर स्वतंत्र व्यापार. प्रत्येक चमूचा आपला बिल्ला, गळ्यातल्या पट्टीला ओळीने टोचलेला. "डेन्व्हरचा दे, दोन ह्यूस्टन देतो" असे सौदे सुरू. आमच्या वेळच्या काडेपेटीच्या छापांची आठवण झाली.

अमेरिकेत ज्यू असणं हे बऱ्याच पोरांच्या दृष्टीने वर्षातून चार दिवसांचं काम असतं, असं मला आमच्या टीममधल्याच एका आईने सांगितलं. शाळेत वर्गात एकटाच, सॉकरचा सामना नेमका योम किप्पूरला, म्हणजे ज्यूंच्या सगळ्यात पवित्र, उपवासाच्या दिवशी. असल्या वेळी घरोघर सँडी कोफॅक्सची गोष्ट सांगतात. १९६५ च्या वर्ल्ड सीरिजमधला पहिला सामना, बेसबॉलमधला सगळ्यात मोठा प्रसंग, आणि डॉजर्स संघाचा हा हुकमी पिचर, म्हणजे गोलंदाज, मैदानात उतरला नाही कारण त्या दिवशी योम किप्पूर होता. साठ वर्षं झाली, अजून आया ती गोष्ट पोरांना सांगतात. ती आई म्हणाली, "गोष्ट ऐकून पोरगं मान हलवतं. पण इथे आठवडाभर राहिलं की त्याला सांगावं लागत नाही. इथे तो एकटा नसतो, बस."

कोफॅक्सची ही गोष्ट ऐकताना मी मनातल्या मनात अलिबागला जाऊन आले होते.

माझं माहेर अलिबागचं, आणि आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर इस्राएल आळी. तिथलं सिनेगॉग, मागेन आबोथ, आमच्या बोलण्यात नुसती 'मशीद'. तिथले लोकही मराठीत मशीदच म्हणत. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचा इतिहास अलिबागकरांना शाळेत शिकवावा लागत नाही. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, त्यांच्यापासून वंश वाढला, ही कथा आम्ही शिवाजीमहाराजांच्या गोष्टींच्या जोडीने ऐकलेली. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं शनवार तेली. हिब्रू विसरले, पोथ्या नव्हत्या, 'शेमा' एवढी एक प्रार्थना ओठांवर राहिली, आणि शनिवारी बैल जुंपायचा नाही म्हणजे नाही. कोफॅक्सने एक सामना सोडला. यांनी शेकडो वर्षं आठवड्यातला एक दिवस सोडला, आणि टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

आडनावं आमच्यासारखीच: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर. त्यामुळे स्पर्धेच्या पहिल्या दिवशी हीटच्या, म्हणजे शर्यतींतल्या गटांच्या, याद्या हातात पडल्यावर मी काय केलं असेल? सगळी पानं चाळून शेवटी 'कर' असलेलं आडनाव शोधलं. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या भागात बेने इस्राएल कुटुंबं आहेत हे मला ठाऊक होतं. कोहेन होते, लेव्ही होते, गोल्ड या अक्षरांनी सुरू होणारी निम्मी यादी होती. 'कर' एकही नव्हतं. मी उगाचच हिरमुसले.

उद्घाटनाच्या रात्री एक गोष्ट मात्र मनात रुतली. प्रत्येक गावाचा चमू रंगीत टी-शर्टांत, आरडाओरडा करत आत आला. शिट्ट्या, ढोल, एकच दंगा. मग दिवे मंद झाले आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मारल्या गेलेल्या अकरा इस्राएली खेळाडूंची आणि प्रशिक्षकांची आठवण झाली. हे दर वर्षी होतं. हजारभर पोरं, आणि टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. ज्या खेळांत स्पिट्झने सात सुवर्णपदकं घेतली त्याच खेळांत हे घडलं. सातवं पदक गळ्यात पडून एक दिवस होतो न होतो तोच. तेरा वर्षांच्या मुलांना हे इतक्या लवकर सांगावं का, असा प्रश्न मला पडला. बाहेर येताना दारात पोलिसांची गाडी, पिशव्या तपासणारी माणसं दिसली आणि वाटलं, सांगितलं नाही तरी त्यांना दिसतंच आहे. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये अकरा माणसं मारली गेली, त्यानंतर तर हा पहारा कायमचाच झाला. मुंबईत २००८ च्या नोव्हेंबरनंतर सिनेगॉगांच्या दारात पोलीस बसू लागले तेव्हा अलिबागची मंडळी हळहळली होती. आमच्या मशिदीला कधी कडी लावावी लागली नव्हती.

हे नाव मक्काबी कुठून आलं याची एक गंमत आहे. इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराला जेरुसलेममध्ये ग्रीक धर्तीची व्यायामशाळा उभी राहिली. मंदिरातले पुजारी होम सोडून थाळीफेक बघायला धावू लागले, अशी तक्रार त्या काळच्या ग्रंथात लिहून ठेवली आहे. त्या ग्रीक वळणाविरुद्ध काही वर्षांतच ज्यांनी तलवार उपसली ते मक्काबी. हनुक्काचा सण त्यांच्या विजयाचा. म्हणजे खेळाच्या आखाड्याला ज्यांनी बाटवणूक मानलं त्यांच्याच नावाने आज बास्केटबॉलच्या स्पर्धा भरतात. त्या मंडळींनी हे पाहिलं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे.

पण हा उलटा प्रवास उगाच झालेला नाही. युरोपात ज्यू म्हणजे पुस्तकात नाक खुपसलेला, खांदे पाडून चालणारा, अशी टिंगल होती. १८९८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या ज्यू परिषदेत मॅक्स नॉर्डाऊ या नेत्यांनी 'पिळदार स्नायूंच्या ज्यू'ची हाक दिली आणि गावोगावी तालमी निघाल्या. व्हिएन्नाच्या हाकोआह क्लबने तर १९२५ मध्ये ऑस्ट्रियाचं फुटबॉल अजिंक्यपदच घेतलं. हाकोआह म्हणजे ताकद. पहिली मक्काबिया १९३२ ला तेल अवीवला भरली, आधी मोटरसायकलींवर स्वार होऊन तरुण युरोपभर आवतण देत फिरले होते. दुसरी १९३५ ला. तोवर जर्मनीत काय शिजतंय ते कळू लागलं होतं, आणि आलेले कित्येक खेळाडू परत गेलेच नाहीत. बल्गेरियाच्या चमूबद्दल सांगतात की बँडची वाद्यं तेवढी माघारी पाठवली.

मी पोहणाऱ्याची आई असल्यामुळे या सगळ्या इतिहासातल्या तीन मुली मला सोडत नाहीत. जुडिथ डॉइच, रूथ लांगर, लुसी गोल्डनर. तिघी हाकोआहच्या जलतरणपटू, सगळ्यात मोठीचं वयही अठराच्या आसपास, रूथ तर पंधराची. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी ऑस्ट्रियाने निवडल्या आणि तिघींनी जायला नकार दिला. जो देश आपल्या लोकांचा छळ करतो तिथे हिटलरसमोर पोहायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यावर बंदी आली. जुडिथ देशातली आघाडीची जलतरणपटू, तिचे विक्रम नोंदवहीतून पुसले गेले. ते परत लिहिले गेले १९९५ साली, माफीसकट. मी काठावर उभी राहून पोरांचे शतांश सेकंद लिहून घेत होते, तेव्हा राहून राहून हेच मनात येई: लिहिलेला वेळ पुसायला नेमकं काय करावं लागतं? खोडरबर? की आडवी रेघ?

मंगळवारी मी तिसऱ्या लेनला होते. मुलींची १०० यार्ड बटरफ्लाय. हा प्रकार ज्यांनी पोहून पाहिला नाही त्यांना त्यातलं हाल कळायचं नाही. तिसऱ्या फेरीत खांदे दगड होतात. माझ्या लेनमधली मुलगी तेरा-चौदाची, बुटकी, निळी टोपी. बाकी सगळ्या येऊन पाण्याबाहेर निघाल्या आणि ही अजून शेवटच्या फेरीच्या मध्यावर. मग आख्ख्या तलावाने टाळ्या सुरू केल्या. आपल्या चमूची, परक्या चमूंची, सगळी पोरं काठावर येऊन ओरडू लागली. ती आली, भिंतीला हात लावला, मी बटण दाबलं. १ मिनिट ३४ सेकंद आणि वर काहीतरी. माझ्या डोळ्यांत पाणी. या खेळांचा एक शब्द आहे, 'रखमोनिस', यिद्दिश या युरोपातल्या ज्यूंच्या भाषेच्या उच्चारातला. अर्थ दया, कणव. जिंकताना समोरच्याला चेचायचं नाही, दुबळ्या संघावर गुण चढवत बसायचं नाही, हा नियम पोरांना आल्याआल्या सांगतात. मला वाटलं, हेच ते, माझ्या डोळ्यांदेखत.

मुलगी बाहेर आली. मी टॉवेल पुढे केला आणि म्हटलं, बघ, सगळे तुझ्यासाठी टाळ्या वाजवतायत.

ती म्हणाली, "मला आवडत नाही ते. मला दीड मिनिटाच्या आत यायचं होतं."

आणि घड्याळात डोकावून, ओठ घट्ट मिटून निघून गेली.

तो शब्द मग रात्रभर डोक्यात फिरत राहिला. रखमोनिस हा हिब्रू 'रहमीम'चा भाऊ, आणि आपल्या ओळखीचा अरबी 'रहम' त्यांचा चुलतभाऊ. मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग, १७९६ चं, त्याचं नाव शार हारहमीम, दयेचं दार. मशीद बंदर स्टेशनाचं नाव याच जुन्या मशिदीवरून पडलं असं सांगतात. ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले. बेने इस्राएल म्हटल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली आणि जीव वाचला, म्हणून हे बांधलं, अशी कथा आहे. म्हणजे आमच्या कोकणी ज्यूंचं पहिलं मंदिरच रहम या शब्दावर उभं. जीव वाचवताना दया किती मोलाची! आणि शेवटच्या नंबरावर पोहणाऱ्या पोरीला ती किती टोचते.

या दार लावलेल्या स्पर्धांबद्दल माझ्या मनात शंका नाही असं नाही. मराठी माणसाला जातवार आणि धर्मवार खेळाचं कौतुक सांगायला नको. मुंबईची चौरंगी-पंचरंगी क्रिकेट स्पर्धा हेच तर होतं: हिंदूंचा संघ, पारशांचा, मुसलमानांचा, युरोपियनांचा, आणि १९३७ पासून उरलेल्यांचा 'रेस्ट'. ख्रिस्ती विजय हजारे त्या उरलेल्यांत, आणि ज्यूंची जागाही त्याच उरलेल्यांत. माणसं मरिन ड्राइव्हवर लोटायची, आणि हिंदूंच्या संघात पालवणकर बाळूसारखा गोलंदाज असूनही कप्तानपद त्याच्या वाट्याला आलं नाही, कारण जात. त्याच्या भावाला, विठ्ठलला, ते १९२३ मध्ये मिळालं. गांधीजींनी १९४० मध्ये स्पर्धेविरुद्ध मत दिलं आणि १९४६ मध्ये ती बंद पडली. चांगलं झालं. मग मक्काबी गेम्सचं मला कौतुक का वाटावं? माझा मुलगा ज्या दाराबाहेर उभा राहिला ते दार मला खुपलंच. पण अमेरिकेत शंभरात दोन-तीन असलेल्यांनी वर्षातून एक आठवडा दार लोटून घेणं आणि बाकी एक्कावन्न आठवडे तोच तलाव आम्हाला उघडा ठेवणं, याला मी पंचरंगीच्या तराजूत घालू शकत नाही. इस्राएलच्या राजकारणाशी मला सगळ्या बाबतीत पटतं असंही नाही. गाझातल्या बातम्या पाहताना त्या आठवड्यातली निळ्या-पांढऱ्या झेंड्यांची मिरवणूक आठवून घशाशी येतं. आणि तरी निळ्या टोपीतल्या पोरीवर त्याचा राग निघत नाही.

शुक्रवारी सकाळी सगळं उरकल्यावर पार्किंगमध्ये गाडीत बसून मी इस्राएलमधल्या अश्दोदला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेपाच.

आमच्या शेजारचा हा दादा. घाण्याच्या घरातला. १९७८ मध्ये सतरा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर गेला, तेव्हा मी नऊची. त्यांच्या ओटीवरच्या आरामखुर्चीची जागा कित्येक दिवस रिकामी दिसायची. आधी दिमोनाला, वाळवंटात, मग अश्दोदला. मराठी अजून तीच, त्या सालची, फ्रीजला 'थंडपेटी' म्हणणारी. घरी 'मायबोली' नियतकालिक यायचं, तिथल्या मराठी ज्यूंनी चालवलेलं, त्यावर मुलांना वाचायला बसवायचा त्याचा प्रयोग फसला.

मी आठवडाभराचं सगळं सांगितलं. यादीत 'कर' मिळालं नाही हेही.

"अगो, तिकडे कशाला शोधतेस? इकडे ये, क्रिकेटच्या मैदानावर. सगळे कर."

इस्राएलमध्ये क्रिकेट म्हणजे मुख्यतः भारतातून आलेल्यांचा खेळ, अश्दोद, दिमोना, बीरशेबा, लोड. थोडे दक्षिण आफ्रिकेचे. मक्काबियात भारतातून संघ आला की ही मंडळी डबे घेऊन हजर. दादा म्हणाला, "अलिबागला होतो तोवर आम्ही इस्राएल. आळीचं नावच ते. इथे उतरलो आणि झालो इंडियन. मग बॅट काढली." तिकडची बाकीची पोरं फुटबॉल-बास्केटबॉल खेळत होती. यांनी नो-बॉलवरून मराठीत भांडणं चालू ठेवली. दिमोनाच्या धुळीत.

क्रिकेट म्हटल्यावर त्याने ज्युडा रूबेनचा विषय काढला नसता तरच नवल. आमच्याच बेने इस्राएलांतले, मुंबई पोलिसांत बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ, आणि दहा कसोटी सामन्यांचे पंच. १९७७ मध्ये मद्रासला इंग्लंडच्या जॉन लिव्हरच्या कपाळावरची, चेंडू चमकवायला वापरल्याचा संशय आलेली व्हॅसलीनची पट्टी त्यांच्याच नजरेत आली. "ठसे बघणारा माणूस," दादा म्हणतो, "त्याच्यापासून काय लपणार?" ही गोष्ट मी त्याच्याकडून किमान दहा वेळा ऐकली आहे.

मग मी निळ्या टोपीच्या मुलीचं सांगितलं. टाळ्या, टॉवेल, दीड मिनिट.

तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "बरोबर आहे पोरीचं. आमच्या काकाला विचार." काका आता नाहीत. पण १९६४ च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेमला धरण्यावर बसले होते. तिकडच्या धर्मपीठाने १९६२ मध्ये फर्मान काढलं होतं की बेने इस्राएलांची लग्नं लावण्याआधी त्यांच्या आज्या-पणज्यांची चौकशी करा, हे खरे ज्यू की नाहीत ते बघा. दोन हजार वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवलेल्यांना हे ऐकवलं. बायापोरं घेऊन लोक उघड्यावर राहिले. "तेव्हा पुष्कळ लोक हळहळायचे, पाणी आणून द्यायचे, बिचारे म्हणायचे. काका म्हणायचा, आम्हाला बिचारे नको म्हणू, आमचं नाव वहीत लिही." शेवटी त्याच ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की हे सर्वार्थाने ज्यू आहेत, इतरांच्या बरोबरीचे.

मी काही बोलले नाही. पार्किंगमध्ये बस लागली होती, पोरं गळ्यात पडून रडत होती, बिल्ल्यांचे शेवटचे सौदे चालले होते. माझा मुलगा त्यांच्यातच होता. त्याच्या गळ्यात पट्टी नव्हती, पण टी-शर्टला ओळीने सहा-सात बिल्ले टोचलेले दिसले. कुणी दिले, बदल्यात याने काय दिलं, ठाऊक नाही.

"मग," दादाने विचारलं, "ती पोरगी पुन्हा पोहली का?"

"गुरुवारी. रिलेमध्ये, तोच बटरफ्लाय, पण निम्मं अंतर."

"वेळ किती आला?"

"मी गुरुवारी सातव्या लेनला होते, दादा. ती दुसरीत. तिचा वेळ माझ्या घड्याळात नाही."

"मग तुझा काय गो उपयोग?" तो हसला. मागून वहिनींचा आवाज आला, मेणबत्त्यांची वेळ झाली असं काहीतरी, अर्धं मराठी अर्धं हिब्रू. "चल, ठेवतो. शब्बाथ लागेल. दुसऱ्या लेनला कोण होता त्याला विचारून ठेव."